आणली कोणी, कशासाठी, जाणार कधी?

आमच्या सोसायटीत मुलाणीचाचा कुणाच्याही घरी गेले की 'बरंय का' वगैरे विचारत नाहीत. दारात चपला काढतात, पायपुसण्यावर दोन्ही पाय घासतात आणि म्हणतात, "डबा काढा."

डबा म्हणजे औषधांचा. तो प्रत्येक घरात असतो. कुणाकडे श्रीखंडाचा, कुणाकडे लग्नात आलेल्या मिठाईचा, कुणाकडे चक्क बुटांचा खोका. पिंपळे गुरवात आमची चोवीस बिऱ्हाडांची सोसायटी आहे. चोवीस घरांत देव चोवीस जागी असतील, पण औषधांचा डबा सगळ्यांचा फ्रिजवर. चाचा तो जमिनीवर उपडा करतात, समोर मांडी घालून बसतात, कानावरची पेन्सिल काढतात आणि एकेक पाकीट भिंगातून बघत तीन प्रश्न विचारतात.

"आणली कोणी? कशासाठी? जाणार कधी?"

दर रविवारी सकाळी दहाला हा दौरा सुरू होतो. चार घरं, एकेका घरी वीस मिनिटं. चहा घेत नाहीत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. "तपासणीला आलेल्यानं पाहुणचार घेऊ नये, रिपोर्ट गोड होतो," म्हणतात.

मी त्यांच्या समोरच्या दारात राहतो. मी फार बोलणारा माणूस नाही. माझी बायको सुनंदा म्हणते, ह्यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते. त्यामुळे मी चाचांबद्दल लिहायला बसलोय ह्याचं तिलाही नवल वाटतंय. पण चाचांबद्दल लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागणार, जी मी त्यांच्यापासून दोन वर्षं लपवली. त्यांचा पहिला प्रश्न ज्या माणसाला शोधत होता, तो माणूस मीच होतो. ती गोष्ट येईल. आधी चाचा.

सिकंदर मुलाणी मूळचे खेडकडचे. भोसरीच्या एका कंपनीत एकतीस वर्षं स्टोअरकीपर. स्टोअरमध्ये नटबोल्टच्या प्रत्येक खणाला एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकलेलं असतं. माल कुणी आणला, कुठल्या कामाला, गेला किती, उरला किती, सगळं त्यावर. जो माल येतो पण जात नाही, तो चाचांच्या मते स्टोअरचा शत्रू. "आलेला माल जागा खातो, भावा. अन् पोटात आलेला माल माणसाला खातो."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी चाचांनी हीच कार्डं माणसांच्या गोळ्यांना लावली. त्यांच्या खाकी पिशवीत पुठ्ठ्याची कापलेली कार्डं असतात आणि दोरा ओवलेल्या लाल चिठ्ठ्या. मुदत उलटलेल्या बाटलीला लाल चिठ्ठी. पहिल्या दौऱ्यात चिठ्ठ्या कमी पडल्या. घरोघरी कोरोनातले काढे, वाफेचे थेंब, प्रतिकारशक्तीची पावडर असं सगळं निघालं, आणि कुणाला ते टाकवत नव्हतं. चाचा म्हणाले, "रोग गेला, पर त्याचं सामान न्हाई गेलं. घरमालकागत बसलंय."

तळमजल्यावरचे पाटणकर आजोबा रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घ्यायचे. चाचांनी विचारलं, "आणली कोणी?"

"डॉक्टरांनी दिली."

"कोणत्या?"

आजोबांनी नाव सांगितलं. ते डॉक्टर केव्हाच मुलाकडे परदेशी गेले होते आणि त्यांच्या दवाखान्याच्या जागी मोबाईलची कव्हरं विकणारं दुकान होतं.

"किती वर्सं घेताय?"

"अकरा."

"कशासाठी?"

आजोबांनी बराच विचार केला. "अहो, तेव्हा नातवाच्या बारशाला भजी जास्त झाली होती."

नातू आता सहावीत होता. चाचांनी कार्डावर लिहिलं, 'कशासाठी : भजी', आणि ते कार्ड घेऊन आजोबांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर हसले म्हणे, पण गोळी त्यांनी हळूहळू कमी करून थांबवली. तेव्हापासून आजोबा चाचांना लांबूनच नमस्कार करतात, भजी खाताना दिसलो तर काय घ्या, म्हणून.

चौथ्या मजल्यावर लातूरचा निखिल राहतो. हिंजवडीला आयटीत आहे, जिमला जातो. त्याच्याकडे डबा नाही, फडताळ आहे. सात मोठे डबे. स्नायू वाढवायचं एक, व्यायामाआधी तरतरी यायचं एक, व्यायामानंतर थकवा जायचं एक, शिवाय माशाचं तेल आणि झोपेचे जेलीसारखे गोड तुकडे. चाचा सगळ्यांची लेबलं वाचता वाचता थकले.

"एवढं खाऊन उचलतोस काय, भावा?"

"शंभर किलो, चाचा. डेडलिफ्ट."

"मग येताना लिफ्टनं का येतोस?"

त्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली आणि चाचांनी त्याला हाक मारली. चाचांचा, आमचा आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकडेबाईंचा असे तीन भरलेले सिलिंडर त्यानं जिन्यानं चढवले. खाली येऊन तो पायरीवर बसला तेव्हा चाचांनी त्याला खिशातली हिंगगोळी दिली. ही हिंगगोळी चाचा दिवसातून दहा वेळा खातात. हिला कार्ड का नाही, असं एकदा मी विचारलं होतं. "ती गोळी न्हाई," चाचा गंभीरपणे म्हणाले. "तो खाऊ हाय."

काकडेबाईंना मात्र कुणी हसू नये. त्या कॅल्शियम, केसांची गोळी आणि उन्हाची गोळी घ्यायच्या. उन्हाची म्हणजे ड जीवनसत्त्वाची. चाचांनी त्यांची खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली. "ऊन फुकट हाय, ताई. पर त्याला पाकीट न्हाई ना, म्हणून विश्वास बसत न्हाई." पुढे महिनाभरानं बाईंनी जिन्यात मोठ्या आनंदानं जाहीर केलं, "चाचा, तुमचं ऐकून मी बीपीची गोळीपण बंद केली बघा."

चाचा असे चिडलेले मी आधी पाहिले नव्हते. "मी सांगितलं बंद करा म्हणून? मी? स्टोअरकीपर माल फेकत न्हाई, ताई, स्टोअरकीपर इचारतो! फेकायची सही डॉक्टरची!" त्यांनी बाईंना तिथल्या तिथं रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. बीपी खूपच वाढलेलं निघालं. परत आल्यावर चाचांनी त्यांच्या कार्डावर तिसऱ्या प्रश्नापुढे ठळक लिहिलं, 'जाणार न्हाई. राहणार.' तेव्हापासून ते रोज सकाळी बाईंच्या दारावर टकटक करून "घेतली का?" विचारत, आणि आतून "घेतली" आल्याशिवाय हलत नसत.

म्हणून मी म्हणतो, हा माणूस विक्षिप्त आहे, पण त्याच्या विक्षिप्तपणाला एक शिस्त आहे. आपल्याला काय माहीत नाही, हे त्यांना नेमकं माहीत असतं. माझ्या ओळखीत असे लोक फार नाहीत. मी स्वतः तर नाहीच.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तीन शिफ्टचं काम. लाइनवर तंबाखूची पुडी जशी या हातातून त्या हातात जाते, तशीच दुखण्याच्या गोळीची पट्टी जाते. पाठ धरली, दे एक. मान आखडली, दे एक. कुणी विचारत नाही आणि कुणी मोजत नाही. गेटबाहेरच्या मेडिकलमध्ये आम्ही नुसतं दोन बोटं दाखवली की दोन पट्ट्या मिळतात.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट चालते. दर दोन तासांनी पाच नग उचलून मोजायचे आणि आकडे तक्त्यात भरायचे, हा नियम. पण गडबड असली की माणूस मोजत नाही. शिफ्ट संपताना एका जागी बसतो आणि आठ तासांचे आकडे एकदम भरतो. ह्याला आम्ही 'बसून भरणं' म्हणतो. मी ते खूप केलंय.

आता रशीदाभाभी. चाचांची बायको. ठेंगणी, गोरी, तोंडानं फटकळ. एका दुपारी जिन्यात माझी पाठ धरली म्हणून मी गोळी घेत होतो. भाभी कठडा धरून एकेक पायरी चढत होत्या. म्हणाल्या, "ती लाल गोळी मलाबी दे रे एक. गुडघे जाळतायत." मी दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा उजळलेला होता. "अनिल, जादू हाय रे तुझी गोळी!" मग दर आठवड्याला एक पट्टी. मग दोन. ह्यांना सांगू नकोस, असं त्यांनी बजावलं होतं, आणि न सांगणं तर मला जन्मजात येतं. दीड वर्ष मी त्यांना गोळ्या आणून दिल्या. त्या पिठाच्या डब्यात लपवायच्या.

मग त्यांचे पाय सुजले. चेहरा सुजला. दवाखान्यात दाखल केलं तेव्हा फाईल धरून मी चाचांच्या शेजारीच उभा होतो. डॉक्टरांनी विचारलं, "ह्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेत होत्या का? नीट आठवून सांगा."

चाचा छाती काढून म्हणाले, "साखरेची सोडली तर आमच्या घरात दुसरी गोळीच न्हाई, डॉक्टरसाहेब."

मी फाईल धरून उभा राहिलो.

चार दिवसांनी मी एकटा जाऊन डॉक्टरांना खरं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, साखरेमुळे किडनी आधीच कमजोर होती, गोळ्यांनी भर घातली, पण हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. भाभी तिसऱ्या आठवड्यात गेल्या. चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर चाचांनी घर आवरलं, आणि पिठाच्या डब्याच्या तळाशी त्यांना रिकाम्या पट्ट्यांची चळत सापडली. पुढच्याच रविवारी सकाळी दहाला ते खाकी पिशवी घेऊन पाटणकर आजोबांच्या दारात उभे राहिले. "डबा काढा."

सोसायटीला वाटलं, बायको गेल्यावर म्हातारा जरा सरकला. मला मात्र कारण माहीत होतं. 'आणली कोणी?' हा प्रश्न ते चोवीस घरांत विचारत होते, आणि उत्तर समोरच्या दारात होतं. जिन्यात भेटले की मला म्हणायचे, "साऱ्या सोसायटीचे डबे उघडतो रे मी. घरातला पिठाचा डबा न्हाई उघडला कधी. एकतीस वर्सं स्टोअर सांभाळलं म्हणे!" मी मान हलवायचो. तो दोष ते स्वतःच्या डोक्यावर घेऊन हिंडत होते आणि मी त्यांना हिंडू देत होतो.

माझंही कार्ड होतं. चाचा प्रत्येकाला घेतलेल्या गोळ्यांची रोज नोंद करायला सांगत. माझी पाठदुखीची गोळी रोज चालू होती, कधी दोन. कार्डावर मात्र आठवड्याला एक. गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी त्यांनी माझं सहा महिन्यांचं कार्ड भिंगाखाली धरलं आणि ओळींवरून बोट फिरवत खालपर्यंत आले.

"अनिल," शेवटी म्हणाले, "हे बसून भरलंयस तू."

"नाही, चाचा."

"सहा महिन्यांचं कार्ड, अन् एकच पेन? एकच शाई? अक्षर बी एका रेषेत. खरं कार्ड मळकं असतं, भावा. कुठं डाग, कुठं खाडाखोड. मला शिकवतोस?" ते हसत होते. मग हसायचे थांबले. "कंपनीच्या तपासणीत तुझा किडनीचा आकडा काय आला? सुनंदा म्हणत होती, वाढलाय."

स्वयंपाकघरात सुनंदाची भांडी वाजायची थांबली.

मला वाटतं, मी तेव्हाही गप्प बसलो असतो. पण त्यांनी पेन्सिल उचलली, कोरं कार्ड घेतलं आणि सवयीनं विचारलं, "आणली कोणी?"

"मी," म्हणालो. "माझ्यापण मीच. भाभींच्यापण मीच."

कसं सांगितलं ते आठवत नाही. जिन्यातली पहिली गोळी, दर आठवड्याची पट्टी, दवाखान्यातली फाईल, सगळं एका दमात. चाचा ऐकत होते. मग त्यांनी पिशवीच्या आतल्या कप्प्यातून एक कार्ड काढलं. त्याला रिकामी लाल पट्टी टाचलेली होती. वरती नाव, 'रशीदा'. खाली तिन्ही ओळी कोऱ्या. दोन वर्षं ते पिशवीत होतं.

पहिल्या ओळीवर त्यांनी माझं नाव लिहिलं.

"रोज जिन्यात भेटतोस," ते हळू आवाजात म्हणाले. "ईदला शीरखुर्मा खायला येतोस. दोन वर्सं, अनिल?"

"कशासाठी?" त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, पण तो कार्डाला विचारल्यासारखा. "गुडघे दुखत व्हते तर मला का न्हाई सांगितलं तिनं? मी काय वाघ हाय?"

आणि मग मला ते सांगावं लागलं, जे सांगायची मला सगळ्यात जास्त भीती होती. भाभी गोळी बरोबर पाचला घ्यायच्या, कारण सहाला चाचा त्यांना पवना नदीच्या काठानं फिरायला न्यायचे. चाचांची चाल म्हणजे कंपनीत हजेरीच्या पंचिंगची वेळ चुकत असल्यासारखी. भाभी मला म्हणाल्या होत्या, "एकतीस वर्सं हे कंपनीशी बोलले. आता चालताना माझ्याशी बोलतात. माझी पाळी आली, अन् आता गुडघे म्हणतात थांब! ह्यांना कळलं की फिरणंच बंद करतील रे."

चाचांनी पेन्सिल कार्डावर टेकवली. मग लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचलं, 'माझ्यासंगं चालायला'.

तिसरी ओळ त्यांनी कोरीच ठेवली. उठले, पिशवी घेतली, गेले. भिंग फरशीवरच राहिलं.

पुढच्या रविवारी दहा वाजले, सव्वादहा झाले, चाचा आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. लोक फ्रिजवरचे डबे काढून वाट बघत बसलेले. निखिल एक डबा काखेत मारून जिन्यात उभा. "अनिलकाका, चाचांना बरं नाही का? मी दोन डबे बंद केलेत, दाखवायचे होते." काकडेबाई दारातूनच ओरडल्या, "घेतली का म्हणून विचारायलाही कुणी येत नाही आता!" मी भिंग शर्टाच्या खिशात घालून समोरच्या दारापर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो.

तिसऱ्या रविवारी बेल वाजली. दारात चाचा.

"माझं भिंग राहिलंय."

मी खिशातून काढून दिलं. त्यांनी ते पुसलं, खिशात टाकलं, पण गेले नाहीत. पायपुसण्यावर पाय घासले, आत आले आणि खुर्चीवर बसले. आमच्या घरात ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होते.

"सुनंदा, चहा टाक गं. साखर घाल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझं कार्ड नव्यानं करायचं. मोजून भरायचं. उद्या डॉक्टरकडं मी येणार संगं."

"हो."

चहा आला. त्यांनी बशीत ओतला, फुंकला. "तुला माफ केलं असं समजू नको," म्हणाले. "ते माझ्या हातात न्हाई." मी मान हलवली. मग त्यांनी पुन्हा फुंकर मारली. "अनिल, जिन्यात ती तुझ्याशी बोलायची. अजून काय म्हणायची?"

मी आठवून सांगितलं. गुडघ्यांचं कळलं तर चाचा स्वयंपाकाला लागतील ह्याचीही त्यांना धास्ती होती. "ह्यांच्या हातची भाकरी म्हणजे कंपनीतला लोखंडी नग. मोजून घ्यावी, खाऊ नये," असं म्हणाल्या होत्या.

चाचा हसले. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि हसत राहिले.

आता दौरा पुन्हा सुरू झालाय. माझी लाल गोळी डॉक्टरांनी बंद केली, कार्डावर पाठीच्या व्यायामाची मळकी नोंद असते, खाडाखोडीसकट. चार घरं झाली की चाचा शेवटी आमच्याकडे येतात, डबा न मागता खुर्चीवर बसतात आणि चहा बशीत ओततात. दर रविवारी मी भाभींचं एक बोलणं सांगतो. पण जिन्यातल्या गप्पा त्या, असून असून किती असणार? पाच-सहा रविवारांत माझ्याकडचं संपलं.

गेल्या रविवारी चाचा वाट बघत होते आणि माझ्याकडे काही नव्हतं. खरं सांगतो, मनात आलं, एखादं वाक्य बसून भरावं. भाभी कशा बोलायच्या ते मला पाठ आहे. चाचांना पटलंही असतं.

"संपलं, चाचा," मी म्हणालो. "आता काही उरलं नाही."

त्यांनी बशी खाली ठेवली. खिशातलं भिंग काढलं, पुसलं, परत ठेवलं.

"बरं," म्हणाले. "मग पयल्यापासनं सांग. भाकरीपासनं."